नव्या गाडीचं इंजिन वॉरंटीत उघडावं लागलं? अनुभव सांगा

मंडळी, जुन्या गाडीचं इंजिन कधीतरी काम काढणार हे आपण धरूनच चालतो. पण हप्ते नुकते सुरू झालेल्या गाडीबद्दल "हेड उतरवावं लागेल", म्हणजे इंजिनचा वरचा भाग उघडावा लागेल, असा फोन आला की माणसाला काय बोलावं ते सुचत नाही. वॉरंटी आहे, पैसे जाणार नाहीत, हे कळत असतं. तरी पुढचे काही आठवडे रोज कोणाला काय विचारायचं, काय मान्य करायचं, कुठे अडून बसायचं हे कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. कंपनीची नि डीलरची नावं नकोत. बिघाड काय होता, तुम्हाला काय सांगितलं गेलं, कागदावर काय उतरलं आणि शेवटी काय बदललं, एवढं जरूर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. पुण्यात राहतो. गाडी टर्बो पेट्रोल, वर्षही झालं नव्हतं. साताऱ्याला जाताना खंबाटकी चढताना तापमानाचा लाल दिवा लागला. बाजूला घेतली, थंड होऊ दिली. टाकीतलं कूलंट खालच्या रेषेच्याही खाली गेलं होतं, पण गाडीखाली एक थेंब नव्हता.

वर्कशॉपमध्ये कूलंट भरलं, एक चक्कर मारली आणि "सर, एकदम ओके आहे" म्हणून गाडी पुढे आणली. जॉब कार्डवर लिहिलं होतं, "जनरल चेकअप, कूलंट टॉप-अप". मी सही केली नाही. माझी तक्रार "घाटात गाडी तापली, कूलंट कमी होतं, बाहेर गळती दिसत नाही" अशी आहे, तशीच लिहा म्हटलं. ॲडव्हायझर म्हणाला, सिस्टीममध्ये ठरलेलेच पर्याय असतात. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहा म्हटलं. लिहिलं. पुढच्या सगळ्या भांडणात मला त्या एका ओळीने तारलं, कारण "ही तक्रार आमच्याकडे पहिल्यांदाच येतेय" असं नंतर कोणालाच म्हणता आलं नाही.

कूलंट पुन्हा उतरलंच. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना टाकीचं झाकण काढून गाडी सुरू केली, तर आत बारीक बुडबुडे. हवा अडकली असेल तर ते थोड्या वेळाने थांबतात. हे थांबेनात. ओडोमीटरपासून टाकीपर्यंत एकाच सलग व्हिडिओत ते टिपलं. वर्कशॉपने टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरली. एक्झॉस्टचा वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. माझ्यासमोर पडला.

हेड उतरवल्यावर दिसलं की गॅस्केट (हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधलं सील) दोन सिलिंडरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर जळलंय आणि हेडचा तळ किंचित वाकलाय. त्यांचा प्रस्ताव होता की हेड बाहेर फेसिंगला (तळ घासून सपाट करायला) पाठवू आणि नवं गॅस्केट टाकू. मी म्हटलं, वाक किती ते मोजून आकडा लिहून द्या, कंपनीची मर्यादा किती तेही लिहा, आणि फेसिंग केलेल्या हेडवर कंपनीची वॉरंटी राहील असं मेलवर कळवा. ते मेल आलं नाही. एरिया मॅनेजर येऊन गेला आणि नवं हेड मंजूर झालं. गाडी आता नीट चालते आहे. आता तुम्ही लिहा.

नाशिकहून

मी शिक्षिका. गाडी डिझेल, बीएस-६. घर ते शाळा जेमतेम चार किलोमीटर, आणि रोजचा वापर तेवढाच. या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल टाकून काजळी जाळते. त्यासाठी सलग वेगात चालणं लागतं. माझ्या चार किलोमीटरांत ते अर्ध्यावर तुटायचं आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरायचं. त्यामुळे माझ्या गाडीचं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढत होतं! डिपस्टिक वरच्या खुणेच्या पुढे, आणि पुसलेल्या कापडाला डिझेलचा वास.

मी दर रविवारी डिपस्टिकचा फोटो काढून ॲडव्हायझरला व्हॉट्सॲपवर पाठवत होते. उत्तर एकच, "मॅडम, नॉर्मल आहे." शेवटी पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग खाल्लं आणि खालून ठकठक सुरू झाली. तेव्हा मात्र "तुमची वापरण्याची पद्धत चुकीची" असं ऐकवलं. मी मॅन्युअल उघडून समोर ठेवलं. त्यात ऑइल वरच्या खुणेपलीकडे गेलं तर वर्कशॉपला दाखवा, असं छापलंय. मी दाखवलं होतं, आणि ते तारखांसकट त्यांच्याच फोनमध्ये होतं. इंजिनचा खालचा अर्धा भाग, शॉर्ट ब्लॉक, वॉरंटीत बदलून मिळाला.

विक्रेत्यांनी हे आधी सांगायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. रोज एवढंच अंतर जाणाऱ्या बाईला डिझेल गळ्यात मारू नये.

कोल्हापूरहून

मी बरीच वर्षं वर्कशॉपच्या आत, फ्लोअरवर काढली आहेत. म्हणून पलीकडची बाजू सांगतो. वॉरंटीचं काम आधी डीलर करतो आणि मग कंपनीकडे क्लेम टाकतो. क्लेम फेटाळला गेला की खर्च डीलरच्या अंगावर. त्यामुळे इंजिन उघडायच्या आधी त्याला वरून मंजुरी हवी असते आणि त्यासाठी फोटो, रीडिंग, स्कॅनरचा रिपोर्ट पाठवावा लागतो. आमच्याकडे वॉरंटीच्या कामाची मजुरीही बाहेरच्या कामापेक्षा कमी मिळायची. पहिल्या दोन फेऱ्यांत टॉप-अपवर भागवलं जातं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. काउंटरवरच्या पोरावर आवाज चढवून काही हलत नाही, त्याच्या हातात काही नसतं. वर्क्स मॅनेजरला भेटा आणि "मंजुरीसाठी काय काय पाठवलंत?" एवढंच विचारा.

इंजिन उघडलंच, तर शून्य रुपयांचं का होईना, पण प्रत्येक पार्ट लिहिलेलं बिल मागा. त्यात हेडचे बोल्ट नवे दिसले पाहिजेत. बऱ्याच नव्या इंजिनांत ते ताण देऊन बसवायचे असतात, एकदा सोडले की परत वापरायचे नसतात. गॅस्केट किट, ऑइल, फिल्टर, कूलंट हेही त्यात हवं. आणि गाडी कुठे उघडली जाते ते डोळ्यांनी बघा. शेजारी ग्राइंडर चालू आणि इकडे हेड उघडं, असलं काम मी बघितलंय.

नवं इंजिन मुळात का जातं, असं लोक विचारतात. कधी कारखान्यातच मशीनिंगचा चुरा आत राहतो आणि ऑइलबरोबर फिरून बेअरिंग खरडतो. मोठमोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हे झालंय. मे २०२४ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून लाखभर गाड्या याच कारणाने परत बोलावल्या. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनांत क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषासाठी अमेरिकेतल्या जवळपास सहा लाख गाड्या बोलावल्या. तेव्हा "नवीन गाडीला असं होऊच शकत नाही, तुम्हीच काहीतरी केलं असणार" हे वाक्य कोणाचंही ऐकून घेऊ नका.

बदलापूरहून

आमचं प्रकरण पाण्याचं, म्हणजे पाणी नसतानाचं. पावसाळ्यात एका सकाळी स्टार्टर मारला, खाडकन आवाज झाला आणि इंजिन जाम. बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) बघून निदान झालं की कनेक्टिंग रॉड वाकलाय, म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी शिरलं होतं, म्हणजे वॉरंटी नाही, इन्शुरन्सकडे जा. आमच्या गावाचं नाव ऐकूनच त्यांनी ठरवून टाकलं असावं, असं माझं ठाम मत आहे. गाडी पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या उंचावरच्या पार्किंगमध्ये, उभी होती आणि त्या आठवड्यात आमच्याकडे पाणी भरलंच नव्हतं.

मी सांगितलं, एअर फिल्टरचा डबा माझ्यासमोर उघडा. उघडला. फिल्टरचा कागद कोरडा, घड्यांमध्ये साधी धूळ, पाण्याची रेघ कुठेच नाही. इनटेकचा पाइप आतून कोरडा. सगळ्याचे फोटो त्यांच्याच माणसाच्या हातात धरून काढले. पाणी ज्या वाटेने आत जातं ती वाटच कोरडी असेल, तर सिलिंडरमध्ये द्रव आला कुठून? इंजेक्टर काढून तपासा असा आग्रह धरला. एक इंजेक्टर पूर्ण मिटतच नव्हता. रात्रभर त्यातून पेट्रोल झिरपून सिलिंडरमध्ये साठलं होतं. द्रव दाबला जात नाही, मग पाणी असो की पेट्रोल, रॉडच वाकणार. निदान बदललं आणि खर्च वॉरंटीत आला.

ज्यांच्या इंजिनात खरोखर पाणी गेलंय त्यांना मात्र वॉरंटी उपयोगी पडत नाही. इन्शुरन्समध्ये इंजिनसाठीचं वेगळं संरक्षण घेतलेलं असेल तरच भरपाईची आशा.

सोलापूरहून

ग्राहक चळवळीत काम करते, म्हणून कायद्याचं थोडं. "गाडीच बदलून द्या" ही मागणी आपल्याकडे सहज मान्य होत नाही. मारुती उद्योगच्या एका खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची आहे. पूर्ण गाडी वा पूर्ण पैसे हवे असतील तर उत्पादनातलाच दोष तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करावा लागतो. म्हणून काढलेले पार्ट नजरेआड होण्यापूर्वी त्यांचे फोटो आणि मोजमापं हातात हवीत.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच हलतात. नाही हलली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा लावता येतो, डीलरच्या गावी जायची गरज नाही. गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. डीलर आणि उत्पादक, दोघांनाही पक्षकार करा.

न्यू जर्सीहून

इथे लेमन लॉ आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या नव्या गाडीसाठीचा ग्राहक कायदा. अमेरिकेत असा पहिला कायदा १९८२ मध्ये कनेक्टिकटने केला. आमच्या राज्यात पहिल्या २ वर्षांत किंवा २४,००० मैलांत, जे आधी होईल त्यात, एकाच दोषासाठी तीनदा दुरुस्ती करूनही तो राहिला, किंवा गाडी एकूण २० दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो. आमच्या एसयूव्हीला नवं इंजिन मंजूर झालं, पण ते येईचना. कंपनीला सर्टिफाइड पत्र पाठवलं. दुरुस्तीची शेवटची संधी म्हणून त्यांना १० दिवस मिळतात. तेवढ्यात जमलं नाही आणि त्यांनी गाडी परत घेऊन पैसे दिले. वकिलाची पायरी चढावी लागली नाही. असा कायदा आपल्याकडे यावा असं फार वाटतं.

नागपूरहून

माझं पूर्ण इंजिनच बदललं, तेही फारसं न भांडता. डीलरने स्वतः फोन करून सगळं समजावलं, दुसरी गाडी वापरायला दिली. त्यांचं कौतुकच आहे. पण एका गोष्टीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की आरसीवरचा नंबर आणि गाडीतला नंबर वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी घेतली नसेल तर इंजिन बदलल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. डीलर म्हणत होता, विकायच्या वेळी बघू. मी गाडी ताब्यात घेण्यापूर्वीच जुना आणि नवा नंबर लिहिलेलं पत्र आणि नव्या इंजिनचं शून्य रकमेचं बिल मागून घेतलं. गाडीवर कर्ज असल्याने बँकेचं ना-हरकत पत्रही लागलं. आरटीओत निरीक्षकाने बॅटरी घेऊन खाली वाकून नंबर वाचला, पेन्सिलने कागदावर ठसा घेतला आणि मग आरसी बदलून मिळाली. त्याची प्रत इन्शुरन्सला पाठवून पॉलिसीवरही नवा नंबर चढवून घेतला. बदललेल्या इंजिनला मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच मिळते की नव्याने सुरू होते, हेही त्याच पत्रात लिहून मागा. माझ्या पत्रात उरलेली मुदत आहे, म्हणून मी ती संपायच्या आत एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली.