कॉल ऑफ का पुट ऑफ?

सेक्रेटरी: उद्याची जनरल मीटिंग कॉल्ड ऑफ. चेअरमन साहेब जोतिबाला चाललेत. नेक्स्ट संडे, सकाळी १०, टेरेसवर.

ए-१०२ काकू: पहिली ओळ वाचून मी ४० मिसळी कॅन्सल केल्या की ओ!

सेक्रेटरी: कॅन्सल कशाला काकू? मीटिंग फक्त पुढं ढकललीय.

बी-३०१ मॅडम: मग पुट ऑफ लिहायचं, दादा. कॉल ऑफ म्हणजे रद्दच. पुढच्या रविवारवर गेली तर पुट ऑफ टिल नेक्स्ट संडे.

सेक्रेटरी: दोन्हीत ऑफ हायच की.

बी-३०१ मॅडम: तिथंच फसायला होतं. पंखा टर्न ऑफ केला की बंद पडतो, विमान टेक ऑफ केलं की उडतं. नुसत्या ऑफवरून काय कळणार? मी पोरांना क्रियापद शेपटासकट पाठ करायला लावते.

सी-२०४: कसली भाषा राव. आपल्यात असलं काय नसतंय.

बी-३०१ मॅडम: नसतंय कसं? लिहून घेतलं, लिहून दिलं, लिहून ठेवलं, लिहून टाकलं. लिहिणं एकच, पण ‘टाकलं’ म्हणजे कागद टाकून दिला का? आणि ‘बोलून दाखवलं’ यात नक्की काय दाखवलं? परक्या माणसाला समजावून बघा एकदा.

सी-२०४: आयला, खरंच की.

ए-४०३: मॅडम, पार्किंगचा फॉर्म फिल अप का फिल इन?

बी-३०१ मॅडम: फिल इन. फिल आउटही चालतं, अमेरिकेत तेच जास्त. फिल अप टाकीसाठी. आपल्याकडं फॉर्मलाही सर्रास म्हणतात, त्यावरून मी कुणाशी भांडत नाही.

सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी: सॉरी ऑल. वुई हॅव पुट ऑफ इट टिल नेक्स्ट संडे.

बी-३०१ मॅडम: पुट इट ऑफ. ‘द मीटिंग’ लिहिलं तर ऑफच्या आधी किंवा नंतर, कुठंही बसतं. ‘इट’ मात्र मधेच.

सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट केला आहे

ए-१०२ काकू: ते इट-बिट ऱ्हाऊ दे. मिसळवाला पुढच्या रविवारी २५ प्लेटीच जमतील म्हणतोय. ब्रेड वाढवून सांगू काय? आणि कट वेगळा मागवा, गेल्या वेळी ए विंगलाच पुरला.