सॅन डिएगो: हवेचे पैसे वसूल होतात का?

टेक्सासहून कॅलिफोर्नियातल्या महागड्या सॅन डिएगोला गेलं तर पगार तोच राहिला तरी हवेमुळे पैसे वसूल होतात, असं कुणीतरी म्हटलंय. अर्धं पटलं.

हवा मस्तच आहे, पण घर कुठे घेताय ते आधी बघा. मे-जूनमध्ये समुद्रावरचे ढग किनाऱ्यावर सरकतात आणि दुपारपर्यंत हलत नाहीत. किनाऱ्यावरच्या ला होयाला स्वेटर घालून बसलेले पाहुणे "हेच का ते कॅलिफोर्निया?" असं विचारतात. त्याच दिवशी अर्ध्या तासावरच्या, आतल्या भागातल्या पोवेमध्ये एसी चालू! आपली मंडळी शाळांसाठी आतल्या भागातच घर घेतात. त्यात वीज देशातल्या सर्वांत महागड्यांपैकी, आणि टेक्सासमध्ये नसलेला राज्याचा आयकर.

१९७८ च्या प्रॉपोझिशन १३ या कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे घराचं करासाठीचं मूल्यांकन वर्षाला जास्तीत जास्त २ टक्केच वाढतं. तुम्ही आजच्या भावाने घेणार, म्हणजे करही त्याच भावावर. फार पूर्वी घर घेतलेले शेजारचे आजोबा तसल्याच घराला तुमच्यापेक्षा कितीतरी कमी कर भरतात. मग ते कशाला विकतील?

आणि पॅसिफिक गार असतो हो! ऑगस्टातही पाणी साधारण २० अंश. अलिबागला डुंबलेली माणसं इथे गुडघ्याच्या वर जात नाहीत.

तरी आम्ही इथून हलणार नाही. अंगणातला कढीपत्ता डिसेंबरातही तग धरतो, आई-बाबा रोज फिरायला जातात. नोकरीचं मात्र जपून. मोबाइल चिपची कंपनी क्वालकॉम आणि बायोटेक सोडलं तर संरक्षण क्षेत्र मोठं, आणि तिथे बहुतेक ठिकाणी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. एचवनबी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांनी हे आधी तपासावं.