सल्ला हवा: कामगारांच्या संपावरचा, तरीही हसवणारा इटालियन चित्रपट

अनघा:
आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा चित्रपट दाखवून त्यावर चर्चा होते. पुढच्या खेळासाठी कामगार लढ्याचा विषय ठरला आहे. प्रेक्षकांत निवृत्त गिरणी कामगार आहेत आणि महाविद्यालयीन मुलेही आहेत. भाषणबाजी दोघांनाही नको असते. इटालियन चित्रपटांत हा विषय विनोदाच्या अंगाने हाताळला गेला आहे, असे ऐकले. जाणकारांनी कृपया सुचवावे.

श्रीरंग:
अनघाताई, मारिओ मोनिचेल्ली यांचा १९६३ चा 'ई कोम्पान्यी' निःशंकपणे लावा. इंग्रजीत तो 'द ऑर्गनायझर' या नावाने मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे तुरीन शहर, तिथली एक कापडगिरणी आणि चौदा तासांचा कामाचा दिवस. थकलेल्या कामगाराचा हात यंत्रात सापडतो, तेव्हा बाकीचे मिळून दिवस फक्त एका तासाने कमी करण्याची मागणी करतात. दाद मिळत नाही, म्हणून ते सुटीचा भोंगा तासभर आधीच वाजवायचे ठरवतात. हा बेत इतका अजागळपणे फसतो की आपण हसतो, आणि लगेच त्याची शिक्षा कोणाला भोगावी लागते ते दिसल्यावर हसू आवरते घ्यावे लागते.

यानंतर पोलिसांना चुकवत प्रोफेसर सिनिगालिया तिथे येऊन पोहोचतो आणि कामगारांचा पुढारी होतो. मळका कोट, चष्मा आणि पोटात भुकेचा डोंब अशा अवतारात ही भूमिका करणारा मार्चेल्लो मास्त्रोयान्नी पाहून त्याच्यातला एरवीचा देखणा नायक विसरायला होतो. कोणीतरी विसरून गेलेला पाव तो तोंडाजवळ नेतो आणि नेमका त्याच वेळी पावाचा धनी परत येतो. पुढारी आणि अनुयायी यांच्यातले अंतर त्या एका क्षणात जेवढे कळते, तेवढे सभेतल्या भाषणातून कळत नाही. संपाच्या काळात कामावर जाऊ पाहणाऱ्या एका सिसिलियन कामगाराला अडवायला मंडळी त्याच्या घरी जातात. तिथले दारिद्र्य पाहिल्यावर मात्र त्याला 'जा कामावर' असे सांगण्यापलीकडे त्यांच्याजवळ काही उरत नाही. संपफोड्याला खलनायक न करण्याचे हे धैर्य मला फार मोलाचे वाटते. पटकथा मोनिचेल्ली आणि आजे-स्कार्पेल्ली या जोडीची असून तिला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. जुझेप्पे रोतुन्नो यांच्या कृष्णधवल छायाचित्रणात थंडी अक्षरशः अंगावर येते. पहिल्याच प्रसंगात ओमेरो हा पोरगा तोंड धुण्यासाठी पाण्यावरचा बर्फ फोडतो, तिथपासूनच.

मंदार:
श्रीरंगरावांशी सहमत आहे, तरी एलिओ पेत्री यांच्या 'ला क्लास्से ओपेराइया वा इन पारादीझो' (१९७१) याचाही विचार व्हावा. १९७२ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले होते. नगाच्या हिशेबाने मजुरी मिळते म्हणून झपाट्याने काम करणारा आणि त्यामुळे सहकाऱ्यांच्या शिव्या खाणारा कामगार लुलू यंत्रात बोट गमावतो, आणि मग युनियन व विद्यार्थी नेते दोघेही त्याला आपल्याकडे ओढू लागतात. जान मारिया वोलोन्ते यांचा अभिनय थक्क करणारा आहे.

श्रीरंग:
तो चित्रपट थोरच आहे, पण त्यातला विनोद कडवट आणि कर्कश आहे. पहिल्याच खेळाला लावला तर निम्मे प्रेक्षक मध्यंतरात उठून जातील. मोनिचेल्लींच्या चित्रपटात माणसे आधी ओळखीची होतात आणि मग संप सुरू होतो. शिवाय नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरत होते, तो काळही याच्या जवळपासचाच, त्यामुळे तुमच्याकडील ज्येष्ठांना बोलायला भरपूर विषय मिळेल.

अनघा:
दोघांचेही आभार. मोनिचेल्लींचा चित्रपट निश्चित करते. इंग्रजी उपशीर्षके ज्येष्ठांना वाचता येणार नाहीत, त्याचे काय करावे?

श्रीरंग:
खेळाआधी पानभर मराठी सारांश वाटावा आणि त्यात पात्रांची नावे ओळखीच्या खुणांसह द्यावीत, कारण गर्दीच्या प्रसंगांत कोण कोण आहे ते पटकन उमगत नाही. संपाचे पुढे काय होते, ते मात्र सारांशात लिहू नये. चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा आहे, तेव्हा चर्चेला वेळ हवा असेल तर खेळ पाच वाजताच सुरू करावा.