बीबी का मकबरा ग्राफवर काढायचाय, घुमटच जमेना

गोदाकाठचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, अकरावी सायन्सला हाय. गणिताच्या सरांनी प्रोजेक्ट दिलंय, वेगवेगळ्या समीकरणांचे ग्राफ जोडून एक चित्र काढायचं, कमीत कमी २० समीकरणं पाहिजेत अन् प्रत्येकापुढं डोमेन, म्हणजे एक्स कुठून कुठपर्यंत, ते लिहायचं. सगळ्या वर्गानं फुलपाखरू नाहीतर बदाम धरलाय, मला काय सुचलं काय माहीत मी मकबरा धरला अन् आता फसलो. डेसमॉस म्हणून ग्राफ काढायचं ॲप हाय, त्याच्यावर करायलोय मोबाईलवर. चौथरा झाला, मिनारांच्या रेघा झाल्या, पण घुमट पॅराबोलानं काढला की उलटी वाटी ठेवल्यासारखं दिसायलं, मकबऱ्याचा घुमट कसा खाली जरा आत जातो, मधी फुगतो, तसं काही होईना. दोन दिवस झाले. कुणी केलंय का असलं काही?

लातूर_पॅटर्न:
सीईटीचं बघ बाबा, प्रोजेक्टचे मार्क सगळ्यांनाच देतेत. गूगलवर ताजमहालाची समीकरणं मिळतील, टाक अन् मोकळा हो.

खडू_डस्टर:
लेकरा, तुझा पॅराबोला चुकला नाही, तू मागतोस तेच त्याला देता येत नाही. फंक्शन म्हणजे एका एक्सला एकच वाय. घुमट फुगून खाली परत आत वळला की कडेच्या एक्सपाशी उभी रेघ त्याला दोनदा कापते, मग वाय बरोबर काहीतरी असं लिहून ते कसं येणार? म्हणून तिथं लंबवर्तुळ घे. मराठी कीबोर्ड आहे म्हणून शब्दात लिहिते: एक्सचा वर्ग भागिले ९, अधिक (वाय वजा १०) चा वर्ग भागिले १६, बरोबर १, आणि अट घाल वाय ८ पेक्षा मोठा. आता बघ, वाय १० ला घुमट मध्यापासून ३ एकक रुंद, आणि खाली ८ ला साधारण २.६. म्हणजे आलाच की आत. वर १४ ला मिटतो. सर म्हणाले हे फंक्शन नाही, तर एक्स बरोबर मूळ काढून उजवी अन् डावी बाजू वेगवेगळी लिही, एक्स हे वायचं फंक्शन झालं, आणि तुझं एक समीकरणही वाढलं.

कमानीला पण पॅराबोला नको, तो वर गोल होतो, आपल्याला टोक पाहिजे. कमान ४ रुंद धर, कंपासचं टोक एका पायाशी ठेवून दुसऱ्या पायापासून चाप ओढ, मग उलट. जिथं भेटतील ते टोक, उंची ३.४६ येते. उजव्या चापाचं समीकरण (एक्स अधिक २) चा वर्ग अधिक वायचा वर्ग बरोबर १६, एक्स ० ते २, वाय शून्याच्या वर. खरी मोगली कमान याच्याहून चपटी असते, चार केंद्रांवरून काढतात, पण अकरावीला एवढं बास.

पैठणगेट_कट्टा:
मॅडमनी भारी सांगितलं. ताजची समीकरणं अजिबात उचलू नको भाऊ, मकबरा ताजसारखा दिसतो म्हणतेत पण अंगानं सडपातळ आहे, घुमट लहान अन् मिनार त्याच्या मानानं उंच, आपल्याकडच्या कुणीही बघितलं की ओळखतंय की हा आपला नाही. आम्ही लहानपणापासून बघायलोत.

मिनाराच्या रेघा एक्स बरोबर ९ अशा उभ्या टाकल्या असशील तर बदल. उभ्या रेघेत वाय हे एक्सचं फंक्शन नसतं, आणि मिनार वर निमुळता होतो म्हणून त्याची कड उभी नसतेच. उतार वजा ३० घे, खाली ९.४ ला सुरू केली तर १२ उंचीवर ९ ला पोचते. दिसायला बरोबर, सरांना पण बोलायला जागा नाही. अन् निम्मंच चित्र काढ, एक्सच्या जागी एक्सचं निरपेक्ष मूल्य (वजा चिन्ह सोडून नुसता आकडा) टाक, डावी बाजू आपोआप येते.

गोदाकाठचा_पोरगा:
मॅडम घुमट आला!! आईला दाखवला तर म्हणली हांडा काढलास का 😅 पण तो आडवा पसरल्यासारखा दिसायला, माझ्या वहीत तर बरोबर येतोय.

खडू_डस्टर:
दोन्ही अक्षांचं माप सारखं नसेल, बोटानं ओढताना बिघडतं. सेटिंगमध्ये झूम स्क्वेअर आहे ते दाब. हांडा म्हणाल्या म्हणजे फुगवटा जमला, टोकाला कळस लाव.

गोदाकाठचा_पोरगा:
झालं सरळ. पण आता नवीनच भानगड, निरपेक्ष मूल्य टाकल्यावर ३१ ची १७ समीकरणं राहिली, सरांना २० पाहिजेत.

पैठणगेट_कट्टा:
हाहा. मग जाळी टाक की, संगमरवरी जाळ्या राहिल्याच की तुझ्या. साइन ४ एक्स बरोबर साइन ४ वाय लिही अन् एक्स-वायला छोट्या चौकटीत बांध, तिरप्या रेघांची आख्खी जाळी एका समीकरणात येते. चौथऱ्याच्या कडेला वाय बरोबर साइनचं निरपेक्ष मूल्य टाकलं की कंगोरे. कळसाला एक. झाले २०.

लातूर_पॅटर्न:
ती साइनची जाळी कशी काय आली पण? दोन साइन सारख्या म्हणजे वाय बरोबर एक्स, एकच रेघ यायला पाहिजे ना.

खडू_डस्टर:
आलास का शेवटी. साइन सारखी असली तरी कोन सारखाच असतो असं नाही, पाय (म्हणजे १८० अंश) वजा एक्सची पण तीच साइन, शिवाय दर २ पायनं परत तेच. एका बाजूला कललेल्या रेघा पहिल्यातून, दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्यातून. सीईटीला हाच प्रश्न असतो बरं का.