संशोधन संस्थांचा पैसा ३१ मार्चला परत का जावा?

पाषाणकर
पुण्यातल्या एका सरकारी संशोधन संस्थेत एकतीस वर्षं खरेदी आणि भांडार विभाग सांभाळला, गेल्या वर्षी निवृत्त झालो. संस्थेचं नाव लिहीत नाही.

एप्रिलमधली गोष्ट. उणे ८० अंशांच्या फ्रीझरचा कॉम्प्रेसर शनिवारी दुपारी बसला. आत नऊ वर्षांचे नमुने. देखभालीचा करार ३१ मार्चला संपलेला, नव्या वर्षाचा पहिला हप्ता आलेला नव्हता, म्हणून नूतनीकरणाची फाइल लेखा विभागात अडकलेली. कंपनीचा माणूस म्हणाला, वर्क ऑर्डर हातात नसेल तर मी निघू शकत नाही. शेवटी दोन विद्यार्थिनींनी थर्माकोलच्या खोक्यांत सुका बर्फ भरला आणि रात्री साडेअकराला रिक्षानं नमुने शेजारच्या संस्थेत नेले. एका रॅकमधल्या नळ्यांची लेबलं ओलाव्यानं सुटली होती. कुठली नळी कोणत्या रुग्णाची हे कळेना. तो रॅक टाकून द्यावा लागला. आणि जेमतेम तीन आठवडे आधी त्याच प्रकल्पाचे न वापरलेले पैसे मार्चअखेर म्हणून परत गेले होते.

आपला देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, हा २०२०-२१चा सरकारी आकडा. चीनचा आकडा अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरियाचा पाचच्या आसपास. रक्कम वाढवा ही मागणी मी तरुण असल्यापासून ऐकतोय आणि ती रास्तच आहे. पण माझं मागणं त्याहून साधं आहे. पाच वर्षांचा प्रकल्प मंजूर केला की पाच वर्षांचा पैसा प्रकल्पाच्या नावावर राहू द्या. परदेशी उपकरणाची ऑर्डर ऑक्टोबरमध्ये गेली आणि माल एप्रिलमध्ये बंदरावर आला, तर शास्त्रज्ञाची त्यात काय चूक? मार्चअखेरची तारीख गाठायची म्हणून गरज नसलेले कॉम्प्युटर आणि एसी घेतलेले मी स्वतः पाहिलेत. त्या इंडेंटवर, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रावर, माझ्याही सह्या आहेत.

जमाखर्च
मी सरकारी लेखापरीक्षणात होतो. तुमच्या फ्रीझरचं वाईट वाटलं, पण नियम का आला तेही सांगा ना. स्वायत्त संस्था अनुदान उचलायच्या आणि बँकेत मुदत ठेवीत टाकायच्या. इकडे सरकार व्याजानं कर्ज काढतंय, तिकडे सरकारचाच पैसा कुठल्यातरी शाखेत निवांत पडलाय. म्हणून आता पैसा गरजेपुरता सोडतात आणि उरलेला परत घेतात. तपासणीला गेलो की पहिल्या दिवशी मी ठेवींच्या पावत्या मागायचो. कपाटातून एकेक निघत राहायची. एका ठिकाणी तर प्रकल्प संपून सहा वर्षं झाली होती आणि ठेव दर वर्षी नव्यानं ठेवली जात होती.

जनतेचा पैसा आहे. त्याला वर्षाचा हिशेब हवाच.

भोसरी_शेड
माझा मुद्दा वेगळा आहे. भोसरीत माझं मशीनिंगचं युनिट आहे, चौदा माणसं. आमच्या एका पार्टवर प्लेटिंगखाली खड्डे पडायला लागले, गिऱ्हाईक माल परत पाठवू लागलं. मी शहरातल्या एका मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत गेले. गेटवर पास, मग एका विभागातून दुसऱ्या विभागात. शेवटी सांगितलं, प्रस्ताव लिहून द्या, समितीपुढे ठेवू. चार महिन्यांनी उत्तर आलं. तोवर चिंचवडच्या खासगी लॅबनं आठ दिवसांत कारण शोधून दिलं होतं, धुण्याच्या टाकीतलं क्लोराइड वाढलेलं होतं.

मी कर भरते. तुम्ही म्हणता पैसा आणखी द्या, वर पाच वर्षं हिशेबही मागू नका. त्या पैशातून पेपर छापले जातात. माझ्या शेडपर्यंत काय पोचतं ते सांगा.

पाषाणकर
जमाखर्च, ठेवींबद्दल तुमचं बरोबर आहे, मला ते नाकारायचं नाही. हिशेब मागू नका असं मी कुठंच म्हटलेलं नाही. पैसा सरकारच्याच खात्यात राहू दे, आमच्या बँकेत नको. फक्त नव्या वर्षी तो पुन्हा मागायला लावू नका. मंजुरी जिवंत ठेवा, एवढंच.

ताई, तुम्हाला चार महिने थांबवलं ते चुकलंच. पण शेडपर्यंत काय पोचतं हा प्रश्न २०१९ साली राष्ट्रीय विषाणू संस्थेबद्दल विचारला असता तर मला उत्तर देता आलं नसतं. ती संस्था १९५२पासून पुण्यात आहे. सर्वांत वरच्या जैवसुरक्षेची प्रयोगशाळा पाषाणला २०२०च्या आधीच उभी होती. म्हणून कोरोनाचा विषाणू इथं वेगळा करून वाढवता आला, कोव्हॅक्सिन त्यापासूनच बनली. साथ आल्यावर निविदा काढून अशी प्रयोगशाळा उभी राहत नसते. माणसं तयार व्हायला तर त्याहून जास्त वर्षं लागतात.

सूसरोड
पीएचडीच्या चौथ्या वर्षात आहे. हिशेबाची बाजू मांडणाऱ्यांनी आमचाही हिशेब ऐकावा. जेआरएफ, म्हणजे संशोधक विद्यार्थ्यांची सरकारी फेलोशिप, जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० झाली, कागदावर चांगली आहे. पण मागच्या वर्षी मला पाच महिने एक रुपया आला नाही आणि मग एकदम आला. तोवर सुतारवाडीतल्या खोलीचं भाडं मैत्रिणीनं भरलं. मेसच्या काकूंनी वहीत मांडून ठेवलं, एकदाही तोंडावर मागितलं नाही, आणि त्यामुळेच त्यांच्या समोरून जायची मला लाज वाटायची. आई दर रविवारी फोनवर विचारायची, पगार झाला का गं? मी हो म्हणायचे.

जमाखर्च काका, तुमचं पेन्शन पाच महिने थांबलं असतं तर व्याजाचा हिशेब तुम्हाला इतक्या शांतपणे मांडता आला असता का?

जमाखर्च
नसता आला. विद्यार्थ्यांची फेलोशिप उपकरणांच्या पैशापासून वेगळी काढून पगारासारखी दर महिन्याला द्यावी, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण उपकरणांबाबत मी मागे हटणार नाही. जून २०२५मध्ये सरकारनं खरेदीचे नियम सैल केले. शास्त्रीय उपकरणं जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलच्या बाहेरून घ्यायची मुभा संचालकांना दिली, कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली. आता मला सांगा, इंडेंट संस्थेतल्या संस्थेत किती दिवस फिरतं? तो उशीर दिल्लीच्या माथी मारू नका.

खोडदकर
इथं सगळे पुण्यात बसून बोलताय. मी नारायणगावजवळचा द्राक्ष बागायतदार. संशोधनाचा खर्च म्हणजे फक्त बजेटमधला आकडा नाही. आमच्या शिवारात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. गोविंद स्वरूप यांनी दोरखंडांवर बारीक तारेची जाळी ताणून ही दुर्बीण स्वस्तात उभी केली, जगभरचे शास्त्रज्ञ येतात, आम्हाला अभिमान आहे. पण तिला रेडिओ-शांतता लागते, आसपास विजेच्या यंत्रांच्या लहरींचा गोंगाट चालत नाही, म्हणून आजूबाजूला कारखान्यांवर बंधनं आहेत. आणि पुणे-नाशिक रेल्वे, जिची आम्ही इतकी वर्षं वाट पाहिली, तिचा नारायणगावचा मार्ग याच कारणानं बाजूला पडला. विजेवरच्या रेल्वेची ठिणगी उडाली की दुर्बिणीला तो आवाज, हे कळतं मला. पण मुलगा रोज पहाटे एसटीनं चाकणला कामाला जातो, त्याला हे कोण समजावणार? या नुकसानीची भरपाई विज्ञानाच्या कुठल्या खात्यातून होते?

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर खोटं बोलल्यासारखं होईल. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपनं आपली द्राक्षं अडवली, तेव्हा बंदरात पडलेल्या कंटेनरमध्ये माझाही माल होता. आज नमुना तपासून माल जातो, त्या तपासणीच्या पाठीशी पुण्याजवळच्या मांजरी गावातलं द्राक्ष संशोधन केंद्र आहे. ते सरकारीच. तिथला खर्च कमी करा असं कुणी म्हटलं तर पहिला मी रस्त्यावर येईन.

भोसरी_शेड
मांजरीचं उदाहरण पटलं, कारण तिथं शेतकऱ्याला नमुना कुठं द्यायचा ते माहीत आहे. आम्हाला तशी खिडकी कुठंय?

सूसरोड
ताई, आय-स्टेम नावाचं सरकारी पोर्टल आहे, २०२०पासून. देशभरच्या संस्थांची उपकरणं त्यावर नोंदवलेली असतात, बाहेरच्यांनाही फी भरून वेळ घेता येते. प्लेटिंगखालचे खड्डे बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, तो शोधा. नमुना आधी कापून, घासून न्या, नाहीतर परत पाठवतात.

भोसरी_शेड
पंधरा वर्षं धंद्यात आहे, हे मला आज एका विद्यार्थिनीकडून कळतंय. त्या गेटवर कुणी का सांगितलं नाही? सोमवारी नोंदणी करते. किती दिवस लागतात ते इथंच येऊन लिहीन.

पाषाणकर
खोडदकर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दुर्बीण हलवता येणार नाही आणि तुम्हालाही. भरपाईचा मुद्दा मात्र रास्त आहे. जी संस्था सगळ्या देशाची, तिची झळ एकट्या जुन्नर-आंबेगावनं का सोसायची?

जमाखर्च, तुम्ही दिवस विचारलेत. त्या फ्रीझरच्या देखभालीच्या फाइलवरचे शिक्के मी निवृत्तीआधी मोजले होते. विभागातून लेख्यापर्यंत ११ दिवस. लेख्यातून आक्षेप घेऊन परत, ९ दिवस. आक्षेप असा की मागच्या वर्षीच्या कराराची प्रत जोडलेली नाही. ती प्रत लेखा विभागाच्याच कपाटात होती. म्हणजे तुमच्या म्हणण्यातले वीस दिवस खरे. बाकीचे ३४ दिवस फाइलवर एकच शेरा होता, ‘निधी प्राप्त झाल्यावर सादर करावे’.

जमाखर्च
चौतीस दिवसांचं दिल्लीकडे बोट दाखवा, हरकत नाही. वीस दिवसांचं काय करणार, तेही लिहा.