पद्मिनीच्या दाराखालचा पत्रा सडला आहे: वरून नवा पत्रा लावावा की जुना कापून काढावा?

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

आमच्याकडे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. माझ्या काकांनी ती नवी घेतली, पंचवीस वर्षे आंबा घाटातून कोल्हापूरला ये-जा करत चालवली, आणि त्यांच्या पश्चात गेली अकरा वर्षे ती घरामागच्या पडवीत, जांभ्याच्या जमिनीवर उभी आहे. इंजिन हाताने फिरते, गिअर पडतात, काचाही शाबूत आहेत, त्यामुळे त्या बाजूची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी आहे ती पत्र्याची. चालकाच्या पायाखालचे रबरी मॅट उचलले, तेव्हा त्याखालचे नमद्याचे अस्तर ओलसर लागले आणि पत्र्याचे पापुद्रे हातात आले. दोन्ही बाजूंना दारांखाली जी लांब पोकळ पेटी असते, तिच्या तळाला बोटभर भोके पडली आहेत. डिकीच्या कडेलाही रंग फुगलेला दिसतो.

येथील एका अनुभवी डेंटरने (गाड्यांचे पत्राकाम करणाऱ्या कारागिराने) गाडी पाहून सांगितले की, वरवर घासून त्याच जागेवर नवा पत्रा बसवू, ठिकठिकाणी वेल्डिंगचे टाके मारू, वरून लांबी (खड्डे भरायची पुटी) भरून रंग देऊ, म्हणजे दहा वर्षे बघायला नको. गाड्यांचा नाद असलेल्या एका नातेवाइकांचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. त्यांच्या मते सडलेला भाग कापल्याशिवाय पुढे काहीच करू नये. मला वेल्डिंग येत नाही, पण खरवडणे, घासणे, प्राइमर मारणे ही कामे मी मनापासून करायला तयार आहे. यांतले कोणते मत बरोबर आहे, आणि घरी मी कुठपर्यंत जावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

घासकागद (पुणे)

तुमच्या नातेवाइकांचे म्हणणे बरोबर आहे. मी स्वतः याच जातीची गाडी घराच्या पार्किंगमध्ये तीन वर्षे खपून उभी केली आहे, आणि पहिल्या वर्षी नेमकी हीच चूक केली होती. पत्र्यावर पत्रा बसवून घेतला, रंग सुंदर झाला, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर जोडाच्या कडेने तांबडे ओघळ यायला लागले. ते सगळे उपटून काढताना मूळ कामाच्या दुप्पट वेळ गेला.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पद्मिनी म्हणजे इटलीतल्या फियाट ११०० डीचा भारतीय अवतार. कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून बनू लागली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. जुन्या जीपला खाली वेगळी चॅसी, म्हणजे भार पेलणारी लोखंडी चौकट, असते आणि वरची बॉडी तिच्यावर ठेवलेली असते. पद्मिनीला तशी चॅसी नाही. तिचे फ्लोअर, दाराखालच्या पेट्या आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे ती पेटी सडली म्हणजे गाडीचा कणाच सडला, असे समजून काम हाती घ्यावे लागते. तिथे लांबी भरणे म्हणजे मोडलेल्या हाडावर नुसता लेप लावणे आहे.

काहीही कापण्यापूर्वी दोन दिवस फक्त तपासणीला द्या. लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सगळ्या गाडीवरून फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे कुणीतरी पूर्वी जाड लांबी भरलेली आहे. मग गाडीखाली शिरून बोथट स्क्रू ड्रायव्हरने आणि हलक्या हातोडीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेल्याचा आवाज बद्द येतो. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला अडकवल्या आहेत ती जागा, जॅक लावायची जागा आणि पुढच्या सस्पेन्शनच्या आसपासचा भाग विशेष काळजीने पाहा. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका. भक्कम घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावा, आणि त्या सडलेल्या भागाखाली येणार नाहीत हे पाहा.

पेटी कापण्याच्या वेळची खबरदारी फार महत्त्वाची आहे. ती कापली की मधला भाग खचू शकतो, आणि त्या अवस्थेत नवा पत्रा वेल्ड झाला तर दारे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. म्हणून दारांच्या फटी आधी मोजून लिहून ठेवा, दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्यांचा तात्पुरता आधार द्या, गाडी सपाट जागी चारही बाजूंनी सारखी टेकवा, आणि एका वेळी एकच बाजू उघडा. पहिली बाजू वेल्ड होऊन दार दोनतीनदा लावून पाहिल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावू नका.

वेल्डिंग जाणकाराकडूनच करून घ्या, पण कोणत्या पद्धतीने करायचे ते तुम्ही ठरवा. गॅस वेल्डिंगची आच दूरवर पसरते आणि पातळ पत्रा वाकतो. कार्बन डाय-ऑक्साइड वायूवर चालणारे मिग वेल्डिंग (वायूच्या आवरणात तार वितळवून विजेने केलेले वेल्डिंग) असलेला माणूस शोधा. एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला) पत्रा घ्या, आणि टाके एकाशेजारी एक न मारता एक इथे, दुसरा चार बोटे पलीकडे असे मारत, मध्ये थंड होऊ देत जोड पूर्ण करायला सांगा. त्याआधी बॅटरी सोडवा आणि पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर न्या. रिकामी टाकी निर्धोक असते असा समज आहे, पण तिच्यात उरलेली वाफ भरलेल्या टाकीतल्या पेट्रोलपेक्षा अधिक घातक ठरते.

धातुकाम

मी बरीच वर्षे आयटीआयमध्ये पत्राकाम शिकवले आहे. वर पत्रा लावणे का टिकत नाही, याचे कारण कळले तर निर्णय घेणे सोपे जाईल, म्हणून लिहितो.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि पत्र्यावर मीठ बसले असेल तर त्याहून कोरड्या हवेतही ही क्रिया चालू राहते, कारण मीठ स्वतःच हवेतला ओलावा ओढून घेते. समुद्रकाठच्या गाड्या याच कारणाने लवकर सडतात. आता दोन पत्र्यांमध्ये कागदाएवढी फट राहिली की पाणी त्या फटीत वर चढते आणि वाळत नाही. फटीच्या तोंडाशी प्राणवायू भरपूर असतो, आत तो कमी पडतो, आणि या फरकामुळे आतला पत्रा झिजू लागतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने तो दोन्ही पत्र्यांना एकमेकांपासून उचलतो. शिवाय वेल्डिंगच्या आचेने पेटीच्या आतल्या बाजूचा उरलासुरला रंग जळतो आणि तिथे नंतर ब्रश पोचत नाही. म्हणजे दुरुस्ती बाहेरून पूर्ण दिसते आणि आतून नव्याने गंजण्याची सुरुवात झालेली असते.

घरी करण्यासारखे काम पुष्कळ आहे. सुटे भाग, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, नटबोल्ट, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेने साफ करता येतात. प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यामागे एक मोठा चमचा सोडा घाला. बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला जोडा, आणि हे दोन्ही एकमेकांना टेकणार नाहीत असे ठेवा. धन टोकाला स्टेनलेस स्टील मुळीच लावू नका, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी खाण्याचे मीठ घातले तर क्लोरीन वायू निघतो, तेही टाळा. या क्रियेत हायड्रोजन सुटतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवा आणि जवळ विस्तव नको.

बॉडीचा जो पत्रा शाबूत आहे पण वर गंज धरला आहे, तो ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासा. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला मास्क लावल्याशिवाय हे काम करू नका, कारण ब्रशच्या तारा तुटून गोळीसारख्या उडतात. खड्ड्यांत जो गंज उरेल, त्यावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावा. त्याने गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. टॅनिक आम्लाचे द्रावण वापरले तर गंज निळसर काळा पडतो. दोन्ही औषधे पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजासाठी आहेत. पापुद्रे सुटत असतील तर औषध वरच्या थरातच मुरते आणि खालचा गंज तसाच राहतो. औषधाचे अवशेष डब्यावरील सूचनेप्रमाणे काढून, पत्रा पूर्ण वाळवून मगच एपॉक्सी प्राइमर द्या. नुसता रेड ऑक्साइड (तांबडा प्राइमर) मारून गाडी पावसाळाभर ठेवू नका, कारण तो ओल आत जाऊ देतो.

वेंगुर्लेकर

वरील दोघांचा अनुभव मोठा आहे, तरी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आमच्याकडे दर वर्षी मे महिन्यात गाडीच्या खालच्या बाजूला जळके इंजिन ऑइल मारण्याची पद्धत आहे. माझ्या वडिलांची गाडी वेंगुर्ल्याच्या हवेत तीस वर्षे याच उपायाने टिकली. मग इतका खटाटोप खरोखर आवश्यक आहे का?

घासकागद (पुणे)

तेलाचा थर पाणी दूर ठेवतो, हे खरेच आहे, आणि तुमच्या वडिलांनी ते दर वर्षी न चुकता केले, यातच त्या गाडीच्या आयुष्याचे मर्म आहे. मात्र हा उपाय शाबूत पत्र्यासाठी होता. भोक पडलेल्या पेटीला तेलाने बळ येत नाही. वापरलेल्या ऑइलने रबरी बुश फुगतात, ते कातडीला अपायकारक असते, आणि एकदा ते जोडांत मुरले की पुढे तिथे ना प्राइमर धरतो, ना वेल्डिंग स्वच्छ होते. तोच हेतू पोकळ भागात फवारायच्या मेणाने अधिक चांगला साधतो. वेल्डिंग आणि रंग पूर्ण झाल्यावर लांब नळीने ते पेटीच्या आत फवारावे, आणि तळाची पाणी जाण्याची भोके तारेने पुन्हा मोकळी करावीत. माझ्या गाडीत पूर्वीच्या रंगाऱ्याने ती भोके लांबीने बुजवली होती, आणि पेटी सडण्याचे मूळ कारण तेच निघाले.

बर्मिंगहॅमहून

मी मूळची सांगलीची, गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये असते आणि एक जुनी मॉरिस मायनर सांभाळते. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, म्हणून गंजाच्या बाबतीत आपले कोकण आणि हा देश यांचे दुखणे एकच आहे. येथील वार्षिक तपासणीचा एक नियम तुम्हाला मोजमाप म्हणून उपयोगी पडेल. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट अशा भागांच्या बैठकीपासून तीस सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा पत्रा गंभीररीत्या सडला असेल, तर गाडी नापास होते, आणि तिथे लावलेल्या ठिगळाची कडा सलग वेल्ड केलेली असावी लागते. लांबी किंवा फायबर चालत नाही. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना २०१८ पासून या तपासणीतून सहसा सूट मिळते, तरीही मी माझी गाडी स्वखुशीने तपासून घेते. तुम्ही खडूने हे तीस सेंटिमीटरचे वर्तुळ प्रत्येक बैठकीभोवती आखा. त्याच्या आत जिथे स्क्रू ड्रायव्हर शिरेल, तो भाग कापण्याच्या यादीत लिहा.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या आठवड्यात सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. पाट्यांच्या पुढच्या बैठका दोन्ही बाजूंना खणखणीत वाजतात, याचा फार आनंद झाला. दाराखालच्या डाव्या पेटीत पुढचा साधारण दीड फूट आणि उजवीत जवळजवळ पूर्ण तळ गेलेला आहे. उजव्या पेटीत पाणी जायचे एकही भोक उघडे नव्हते. खिळ्याने टोकरल्यावर भिजलेल्या मातीबरोबर आंब्याची कुजलेली पाने बाहेर आली. डिकीच्या कडेला चुंबक धरत नाही, म्हणजे तिथे जुनी लांबी आहे.

डेंटरना हे सर्व दाखवले, तेव्हा त्यांनीही कापून काम करण्याचे मान्य केले, मात्र मिग वेल्डिंगसाठी त्यांचे सहकारी चिपळूणहून दिवाळीनंतरच येऊ शकतील. तोपर्यंत पावसाळा मध्ये आहे. मी आत्ताच फ्लोअर घासून ठेवू का?

धातुकाम

नको. रत्नागिरीच्या जुलैच्या हवेत उघडा केलेला पत्रा सकाळपर्यंत तांबूस होतो आणि तुमची मेहनत वाया जाते. आत्ता मॅट, नमदा आणि सीट बाहेर काढा, पेट्यांतली माती पूर्ण उपसा, गाडी घोड्यांवर जमिनीपासून उंच ठेवा आणि वारा खेळू द्या. जांभा ओल धरतो, म्हणून खाली जाड प्लास्टिक अंथरा. मात्र गाडीवर प्लास्टिकचे आच्छादन घट्ट बांधू नका, कारण आतली वाफ आतच कोंडते. पावसाळ्यात सुट्या भागांचे सोड्याचे काम सुरू ठेवा, साफ झालेला भाग लगेच पुसून वाळवा आणि त्याच तासात प्राइमर द्या. फ्लोअर दिवाळीनंतर घासायला घ्या, आणि एका दिवसात जेवढ्या जागेला प्राइमर देता येईल तेवढीच उघडा. घासताना चॅसी क्रमांक (वेगळी चॅसी नसली तरी गाडीची ओळख म्हणून बॉडीवर असलेला क्रमांक) जिथे कोरलेला असेल तिथे ग्राइंडर नेऊ नका; नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओमध्ये त्याचा पेन्सिलने ठसा घेतला जातो, आणि तो पुसट झाला तर गाडी उत्तम होऊनही कागदांवर अडून बसेल.