नवं मॉडेल येतंय, त्यात आतच दिवा आहे! हातातल्या गेमची वाट पाहिलेल्यांनी लिहा

मांडवीकाठ
चवथ आठ दिवसांवर आली म्हणून माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची) चौकट काढायला माळ्यावर चढले. चौकटीमागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत माझा जांभळा गेमबॉय ॲडव्हान्स, हातात धरून खेळायचं मशीन. तिथंच शिडीवर बसून राहिले.

2001 च्या डिसेंबरात मामाने बोटीवरून आणलेला. त्याच्या पडद्याला दिवा नव्हता, बाहेरून उजेड पडला तरच चित्र दिसे. पावसात करंट गेला की मी आणि भाऊ सोप्यावर अगदी कडेला सरकून बसायचो, पागोळ्या अंगावर घेत, कारण उजेड तिथवरच यायचा. सात वाजले की खेळ बंद. मेणबत्तीजवळ धरून पाहिला, तर पडद्यात फक्त ज्योत दिसायची.

2003 मध्ये मामाचा घाईतला फोन आला. "बाय, नवीन आलंय. आतच दिवा आहे. वहीसारखं मिटतं. सेल नकोत, चार्ज होतं." गेमबॉय ॲडव्हान्स एसपी. मामाचं कंत्राट संपायला अजून सात महिने होते. ते सात महिने मी मशीनची वाट पाहत होते की मामाची, हे मला तेव्हा वेगळं करता आलं नसतं.

आता माझा मुलगा तसाच पुढच्या मॉडेलच्या बातम्या वाचत बसतो. तुम्ही कशाची वाट पाहिलीत? आणि पुढच्या मशीनमध्ये काय हवं?

सत्तरीकर
बॅटरी. बाकी काही नको. स्टीम डेक या हातातल्या मशीनच्या पहिल्या मॉडेलात 40 वॉट-अवरची होती, 2023 च्या ओएलईडी पडद्याच्या मॉडेलात 50 ची झाली, तसंच पुढं जावं. आमच्याकडे वाळपईच्या पुढं पावसात करंट कधी परत येईल ते देव जाणे.

दर्यावर्दी
माझे बाबाही बोटीवर होते. तुझा मामा कुठल्या लायनीत होता? बाबांची बॅग उघडताना येणारा साबणाचा वास अजून आठवतो. गेम वगैरे नाही आला कधी आमच्याकडे, चॉकलेटं आणि टॉवेल. पण वाचून डोळे भरले गो.

मांडवीकाठ
प्रवाशांच्या बोटीवर, किचनमध्ये. साबणाचा वास!! अगदी अगदी.

फोंड्याची_लेक
डब्यातल्या मशीनमध्ये सेल राहिले होते का? आधी ते बघ. आमच्याकडे एक असंच सापडलं, आत हिरवं-पांढरं मीठ जमलेलं.

मांडवीकाठ
राहिले होते 😔 दोन्ही फुगलेत. एक स्प्रिंग पूर्ण पांढरी.

दुपारची_लाट
चार्जरची गोष्ट सांगते. काकाने अमेरिकेतून एक मशीन आणलेलं, त्याचा चार्जर 120 व्होल्टचा. आपल्याकडे 230. कुणी वाचलंच नाही, पिना बसत नव्हत्या म्हणून आजोबांनी कौतुकाने म्हापशाहून पिन बदलून आणली. लावला, फट्ट आवाज, जळका वास. आजोबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलू शकले नाहीत, त्यांना इतकं वाईट वाटलं. मला मशीनपेक्षा त्यांचंच वाईट वाटत होतं. आता टाइप-सीचा एकच चार्जर बहुतेक सगळीकडे चालतो, ही माझ्या मते सगळ्यात मोठी सुधारणा. पडद्यांबद्दल लोक बोलतात, याबद्दल कुणी बोलत नाही.

जुने_सेल
दिवा का नव्हता, त्याला कारण आहे. 1989 चा मूळ गेमबॉय चार सेलांवर खूप तास चालायचा, कारण त्याला रंग नव्हते आणि दिवाही नव्हता. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, रंगीत, दिव्यासकट. सहा सेल लागायचे आणि थोड्याच तासांत संपायचे. म्हणून दिवा लांबला. एसपीत चार्ज होणारी बॅटरी आली आणि दिवाही आला, तो लावून साधारण दहा तास चालायचं. मात्र त्याच मशीनमधून हेडफोनचं भोक गेलं, वेगळा जोड घ्यावा लागे.

पुढच्या मॉडेलकडून माझं एकच मागणं आहे, अंगठ्याने फिरवायची स्टिक चुंबकावर चालणारी द्या. साध्या स्टिकमध्ये पट्टीवर पट्टी घासते, घासून झिजते, मग बोट न लावता खेळातला माणूस आपोआप डावीकडे चालू लागतो. चुंबकाच्या स्टिकमध्ये घासायला काही नसतंच. माझ्या हातातली दोन यंत्रं अशीच गेली.

चोडणची_फेरी
माझं वय 63, शाळेतून निवृत्त. नातवाने शिकवलं. रायबंदर-चोडण फेरीबोटीत खेळते, गर्दी असली तर उभ्यानेच. पहिल्या निन्टेन्डो स्विच मशीनचा पडदा 6.2 इंचांचा होता, स्विच 2 चा 7.9 झाला, पण अक्षरं काही त्या मानाने मोठी झाली नाहीत बाळांनो. अक्षरं मोठी करायची सोय प्रत्येक खेळात हवी. आणि मेनू मराठीत हवा. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं, खेळताना ती दिसावी असं मनापासून वाटतं.

सत्तरीकर
बाई, मराठीबद्दल शंभर टक्के. कुठल्या शाळेत होतात? डिचोलीला होतात का?

चोडणची_फेरी
नाही रे, तिसवाडीतच. डिचोलीला माझी बहीण होती. तू तिचा विद्यार्थी असशील!

फोंड्याची_लेक
मांडवीकाठ, लिंबू. कापसाच्या काडीवर दोन थेंब, स्प्रिंगवर फिरव, फसफसेल, मग कोरड्या काडीने पूस. सेलातून गळतं ते खारासारखं असतं, आंबटाने जातं. हाताला लावू नकोस.

दर्यावर्दी
आमसुलाचं आगळ चालेल का? घरी तेच आहे.

फोंड्याची_लेक
नको नको, आगळात मीठ असतं, पत्रा आणखी गंजेल. लिंबूच.

कुळागर
माझी वाट थोडी वेगळी होती. दादा कतारला गेला तेव्हा मी नववीत. तो म्हणाला, नवीन मशीन घेतलं तर गेमबॉय ॲडव्हान्सची जुनी कार्टं (खेळाच्या कॅसेटी) वाया जातील. म्हणून आम्ही नवीन घेतलंच नाही. मग कळलं की डीएस लाइट या नंतरच्या मशीनला खाली जुन्या कार्टसाठी खाच आहे. दादाने पहिल्या सुटीत आणलं. जुनं कार्ट घातलं आणि आम्ही अर्धवट सोडलेला खेळ तिथूनच सुरू झाला. तो परत गेला त्या रात्री मी तो पुढे नेला नाही, पुढच्या सुटीपर्यंत ठेवला. कितीही ताकदवान मशीन आणा, जुनं त्यात चालायला हवं, माझं मागणं एवढंच.

दुपारची_लाट
कुळागर ❤️ (कुकर लावून आले, परत वाचलं)

मांडवीकाठ
लिंबाने स्प्रिंग निघाली! नवे सेल घातले, हिरवा दिवा लागला. कार्ट दोनदा पुसून घालावं लागलं. पडदा अंधारा तो अंधाराच, म्हणून सोप्यावर कडेला जाऊन बसले. कार्टात साठवलेल्या खेळांत पहिल्या फाइलवर माझं नाव, दुसऱ्यावर भावाचं. तिसऱ्यावर मामाचं. तो खेळायचा हे आम्हाला माहीतच नव्हतं. बारा तासांचा खेळ आहे. आम्ही झोपल्यावर बसत असणार. तो आता पर्वरीला असतो, संध्याकाळी घेऊन जाते.

दर्यावर्दी
जा गो, जा. जाताना सेल जास्तीचे घे.